राहायला सहा नंबरला, नाव सात नंबरला: नगरपालिकेच्या यादीचं आणि मतदानाचं काम कसं चालतं

प्रश्न एका ताईंचा आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. लग्न होऊन तालुक्याच्या गावी येऊन त्यांना सहा वर्षं झाली. घर प्रभाग सहामध्ये. 2024च्या विधानसभेला नवरा-बायकोनं समोरच्याच मराठी शाळेत मत दिलं. डिसेंबर 2025मध्ये नगरपालिकेला मात्र नवऱ्याचं नाव त्याच शाळेत, आणि यांचं नाव प्रभाग सातला, स्टँडपलीकडच्या हायस्कुलात. धावतपळत तिथे पोचल्या तर एक नाही, तीन बटणं दाबायला सांगितली, आणि त्या प्रभागातला एकही उमेदवार ओळखीचा नाही. नंतर जिल्हा परिषदेच्या मतदानाला घरातल्या कुणाचंच नाव नाही. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचं नाव मात्र नगरपालिकेच्या यादीत जसंच्या तसं. "हे कुणी मुद्दाम करतं का, आणि आम्ही नक्की कुठे जाऊन काय करायचं?" असं त्या विचारतात.

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या कर विभागात 29 वर्षं काम केलं. पट्टी वसुलीसाठी गल्ल्या फिरलेला माणूस म्हणून दर निवडणुकीला यादीच्या कामाला माझा नंबर ठरलेला असायचा, आणि चार-पाच वेळा दुसऱ्या गावांत केंद्राध्यक्ष म्हणूनही बसलो. 2025ची यादी हे माझं नोकरीतलं शेवटचं मोठं काम. तुमच्यासारख्या गोष्टी मी फार जवळून पाहिल्या आहेत आणि त्या मनाला लागतात, म्हणून उत्तर लांबेल.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की नगरपालिकेची स्वतःची मतदार यादीच नसते. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. नगरपालिका, नगरपंचायत, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे. 74वी घटनादुरुस्ती झाली त्यानंतर 1994 साली हा आयोग आपल्याकडे आला. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे आयुक्त. पण नावं नोंदवण्याचं काम एकाच ठिकाणी चालतं, विधानसभेच्या यादीत. राज्य आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच उचलतो आणि प्रभागाप्रमाणे वाटून घेतो. या खेपेला ती तारीख 1 जुलै 2025 होती. ऑगस्टमध्ये 18 पूर्ण झालेल्या आमच्या शेजारच्या मुलानं सप्टेंबरात फॉर्म भरला, त्याला ओळखपत्रही मिळालं असतं, पण 2 डिसेंबरला त्याला मत नव्हतं. त्याला ते कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे नगरपालिकेच्या वेळी पालिकेच्या खिडकीवर जाऊन "माझं नाव घाला" म्हटलं तर आमच्या हातात काही नसतं. आम्ही नाव घालू शकत नाही, काढूही शकत नाही. आम्ही करतो ते फक्त वाटपाचं काम. आणि तुमचं नाव हरवलं ते नेमकं या वाटपात.

हे वाटप कसं होतं ते सांगतो, कारण ते कुणी बघायला येत नाही.

विधानसभेची यादी भागांत असते. एकेका भागात हजार-बाराशे नावं, एक भाग म्हणजे साधारण एक मतदान केंद्र. या भागांचा आणि नगरपालिकेच्या प्रभागांचा काही संबंध नसतो. प्रभाग पडतात जनगणनेवरून, आणि आपली शेवटची जनगणना 2011ची. तेव्हा शिरगणतीसाठी गावाचे छोटे छोटे तुकडे पाडले होते, त्यांना प्रगणक गट म्हणतात. होता होईल तो गट न फोडता, सरासरी लोकसंख्येच्या 10 टक्के इकडेतिकडे चालेल अशा बेतानं, ते गट जोडून प्रभाग करायचे. नंबर उत्तरेकडून द्यायला सुरुवात करायची आणि शेवटचा दक्षिणेला पडला पाहिजे. मुख्याधिकारी आराखडा करतात, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर जातो, मग हरकतींसाठी लोकांपुढे येतो.

आता 2011चा नकाशा आणि 2025चं गाव. आमच्याकडे दोन प्रभागांची हद्द कागदावर "नाल्याच्या मध्यापासून" अशी लिहिलेली. प्रत्यक्षात तो नाला दहा वर्षांपूर्वी स्लॅब टाकून झाकला. वर रस्ता झाला, रस्त्यावर भाजीवाले बसतात, आणि मध्य कुठला हे सांगणारी फक्त एक लोखंडी जाळी उरली आहे, पाणी आत जायला ठेवलेली. मी आणि माझा सहकारी त्या जाळीपाशी उभे राहून यादी वाचायचो. जाळीच्या अलीकडचं घर सहा, पलीकडचं सात. घर दाखवायला कुणी ना कुणी मिळायचं. अडचण यादीची होती. यादीत पत्त्याच्या रकान्यात कुणाला घर क्रमांक आहे, कुणाला नुसती आडवी रेघ, कुणाला शून्य. एका पानावर तर सलग अकरा जणांना "गणपती मंदिराजवळ" एवढाच पत्ता. आमच्या गावात गणपतीची देवळं चार.

तुमच्या घरात झालं असेल ते असं. तुमच्या यजमानांचं नाव जुनं, त्यांच्या वडिलांच्या नावाखाली, घर क्रमांकासकट. तुमचं नाव लग्नानंतर आलं. नंतर आलेली नावं यादीच्या शेवटी पुरवणीत जातात, आणि फॉर्म भरताना पत्त्यात घर क्रमांकाऐवजी पेठ किंवा रस्त्याचं नाव लिहिलेलं असतं. विधानसभेला काही बिघडत नाही, कारण दोन्ही नावं एकाच भागात असतात. वाटप करताना मात्र आमच्या पुढे नवरा एका पानावर आणि बायको वीस पानं पुढे. रस्त्याचं नाव दोन्ही प्रभागांत लागतं. हाताखाली दिवस मोजके. कर्मचाऱ्यानं अंदाजानं सात लिहिलं आणि तुम्ही सात नंबरच्या झालात.

कुणी मुद्दाम करतं का, हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल असं मला वाटत नाही. पण एकाच हस्ताक्षरातले, एकाच पेनानं लिहिलेले चाळीस चाळीस अर्ज एका दमात आलेले मी पाहिले आहेत. "ही कुटुंबं प्रभाग तीनमध्ये राहतात" असं त्यात लिहिलेलं, आणि घरी जाऊन विचारावं तर त्या कुटुंबांना त्याचा पत्ताच नाही. छोट्या गावात नगरसेवक शंभर-दोनशे मतांच्या फरकानं निवडून येतो, कधी दहाच्या आत येतो. तिथे एका वाड्यातली साठ नावं इकडची तिकडे झाली तर निकाल फिरतो, आणि हे उमेदवारांना पक्कं ठाऊक असतं. सामान्य माणसाला ठाऊक नसतं, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. प्रारूप यादी उघडली की पहिल्या दिवशी पालिकेत येतात ते इच्छुकांचे कार्यकर्ते. पानन् पान बघतात, फोटो काढून नेतात. ज्याचं मत आहे तो माणूस येतच नाही.

ही प्रारूप यादी म्हणजे आमच्या वाटपाचा कच्चा मसुदा. तो लोकांना दाखवावाच लागतो. या खेपेला 8 ऑक्टोबरला प्रसिद्ध झाला आणि हरकती घ्यायला मुदतवाढ धरून 17 ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. दिवाळीच्या तोंडावर, घराघरात चकल्या-करंज्या चाललेल्या असताना. त्या दहा दिवसांत तुम्ही पालिकेत किंवा राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधलं असतं, तर एका साध्या अर्जावर काम झालं असतं. तीन प्रकारच्या चुका त्या वेळी दुरुस्त होतात: लेखनिकाची चूक, नाव चुकीच्या प्रभागात पडलं असेल ते, आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत आलंच नसेल ते. अर्जासोबत विधानसभेच्या यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहायचा, घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल जोडायचं आणि शक्य असेल तर शेजारच्या घराचं नाव कुठल्या प्रभागात आहे तेही लिहायचं. या शेवटच्या ओळीनं आमचं काम फार सोपं होतं. अर्ज दिला की आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. कर्मचारी घरी येऊन बघतो आणि नाव हलतं. अंतिम यादी झाली की मात्र पुढे काही करता येत नाही, मुख्याधिकाऱ्यांनाही नाही.

मतदानाच्या दिवशी तुम्ही स्टँडपलीकडे गेलात ते बरोबर केलंत. नाव जिथे असेल तिथेच मत, घर कुठेही असो. सहा नंबरच्या केंद्रावर "मी इथेच राहते" म्हणून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं म्हणणं खरं असतं. पण केंद्राध्यक्षापुढे त्या केंद्राची यादी असते, तीत नाव नसेल तर तो काही करू शकत नाही. अशा वेळी वादात तास घालवण्यापेक्षा बाहेरच्या मदत टेबलावर शोधून दुसरं केंद्र गाठणं शहाणपणाचं. आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत आवारात पोचलात तर मत मिळणारच. त्या क्षणी रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतात. त्या वाटायला सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून होते, म्हणजे नंतर कुणी मागे येऊन उभं राहू शकत नाही. एका केंद्रावर माझ्या शेवटच्या चिठ्ठीवाल्या आजी उसाच्या फडातून थेट आलेल्या होत्या, पाचाटानं हात खरचटलेले. बोटाला शाई लावताना चुरचुरली, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. सव्वासहा वाजता त्यांचं मत झालं.

आता तीन बटणांचं.

नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारणपणे दोन नगरसेवक निवडायचे असतात. एकूण संख्या विषम असेल तर एखाद्या प्रभागाला तीन येतात. त्या जागांना अ, ब, क म्हणतात. शिवाय नगराध्यक्ष आता थेट लोकांतून निवडतात. म्हणून तुमच्याकडे तीन मतं: जागा अ, जागा ब आणि नगराध्यक्ष. तीन जागांच्या प्रभागात चार मतं. नगरपंचायतीत 17 प्रभाग, प्रत्येकात एकच सदस्य, म्हणून तिथे दोन मतं. थेट नगराध्यक्ष ही पद्धत सरकारनं इतक्या वेळा बदलली की लोकांचा गोंधळ होणं साहजिक आहे. 2016ला थेट निवड आणली, 2020ला काढली, 2022ला परत आणली. मधल्या काळात मुदत संपूनही ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे निवडणुका लांबल्या आणि बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक बसले. आमच्या गावात 2016च्या अखेरीनंतर थेट 2025ला मतदान झालं. मध्ये नऊ वर्षं. या काळात 18 पूर्ण केलेल्या कुणालाच नगरपालिकेचं मत कसं द्यायचं हे माहीत नव्हतं. दोष त्यांचा नाही.

आरक्षणाचाही एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण दर निवडणुकीला तो कुणीतरी विचारतंच. जागा अ "महिला" राखीव असली म्हणजे उभी फक्त बाई राहू शकते. मत सगळ्यांनी द्यायचं असतं. एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ एक बटण दाबून बाहेर आले आणि मला म्हणाले, "दुसरं बायकांचं आहे, ते आमच्या घरातल्या देतील." अनुसूचित जातीच्या जागेबद्दलही हाच समज आढळतो. दोन्ही ठिकाणी उत्तर एकच: प्रभागातल्या प्रत्येक मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक मत.

यंत्रावर प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची आणि वर जागेचं नाव लिहिलेलं. एकेका जागेसाठी एक बटण, बाजूचा दिवा लागला की त्या जागेचं मत झालं. सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की मग लांब शिट्टी वाजते. दोनच दाबून बाहेर पडलात तर शिट्टी वाजत नाही आणि पुढची सगळी रांग तिथे थांबते. तिसऱ्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या जागेच्या यादीत सगळ्यात खाली "वरीलपैकी एकही नाही" असतं, ते दाबा. आपल्या राज्य आयोगानं 2018मध्ये आदेश काढला की नगरपालिकांच्या निवडणुकीत या पर्यायाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. विधानसभेला तसं नाही, तिथे पुढचा उमेदवार निवडून येतो. विधानसभेला बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी दिसते, ती इथे दिसली नाही म्हणून घाबरू नका. ते जोडयंत्र या निवडणुकीला लावलेलंच नव्हतं.

आणखी एक प्रसंग सांगून ठेवतो, तुमच्यावर येऊ नये तरी. केंद्रात गेलात आणि पहिला मतदान अधिकारी म्हणाला, "तुमचं मत होऊन गेलंय", तर निमूट परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे जा, आधार, पॅन, लायसन्स किंवा निवडणूक ओळखपत्र दाखवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ती कागदी असते, लिफाफ्यात बंद होते आणि तिची वेगळी नोंद होते. ती मोजणीत सहसा धरत नाहीत, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर तोच पुरावा असतो. लोकांना हे नाव माहीत नसतं, म्हणून ते भांडतात किंवा रडत घरी जातात. एका केंद्रावर एक कॉलेजची मुलगी अशी अडली होती. तिच्याच नावाची, तिच्याच वडिलांच्या नावाची दुसरी मुलगी त्या गल्लीत होती आणि माझ्या अधिकाऱ्यानं खूण चुकीच्या ओळीवर केली होती. तिनं प्रदत्त मत दिलं. मी तिची माफी मागितली आणि डायरीत चूक लिहून काढली.

एकेका मताचं वजन छोट्या गावात किती असतं हे मला मतमोजणीच्या टेबलावर कळलं. दोघांना सारखी मतं पडली तर कायद्यानं चिठ्ठ्या टाकायच्या असतात, आपण त्याला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. मुंबईसारख्या शहरातही हे झालंय, 2017 साली महापालिकेच्या 220 नंबरच्या प्रभागाचा निकाल चिठ्ठीवरच लागला. आमच्या भागातल्या एका गावात मी ते डोळ्यांनी पाहिलं. पाचवीतल्या एका मुलानं बरणीत हात घातला, सभागृहात पंख्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. हरलेल्या उमेदवाराची सख्खी चुलती त्या दिवशी शेजारच्या प्रभागाच्या यादीत होती. तुमच्यासारखीच. तिनं पालिकेच्या पायऱ्यांवर बसून मला विचारलं, "भाऊ, माझं एक मत इथे असतं तर?" मला उत्तर देता आलं नाही. त्या गावची यादी माझ्या हातून झालेली नव्हती, पण तशाच याद्या माझ्याही हातून गेल्या होत्या.

वजन असतं म्हणूनच पाकिटंही फिरतात. पैसे देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात, भारतीय न्याय संहितेत तो लाचेचाच प्रकार आहे. इतकंच सांगतो, कारण या विषयावर लिहायला बसलो तर हे उत्तर संपायचं नाही.

जिल्हा परिषदेचं सरळ आहे. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्याला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मत नसतं. पंचायत समितीची इमारत तुमच्या गावात असली, तिच्यासमोरून रोज जात असलात, तरी ती आजूबाजूच्या खेड्यांची संस्था. 2014नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तिथल्या लोकांची ग्रामसभाही गेली आणि जिल्हा परिषदेचं मतही गेलं. नगरपंचायत होताना रस्ते आणि निधी यांवरच चर्चा होते, हे कुणी सांगत नाही.

तुम्ही पदवीधर असाल तर मात्र तुमच्याकडे आणखी एक मत आहे, ते विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचं. त्याची यादी विधानसभेच्या यादीवरून होत नाही, दर वेळी कोरी पाटी घेऊन नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही. 18 नंबरचा फॉर्म, पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, आणि पदवी मिळून त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला तीन वर्षं झालेली असावीत. तालुक्याच्या गावांत पदवीधर घरोघर आहेत, नोंदणी केलेले फार थोडे.

आता तुम्ही करायचं काय. निवडणूक आत्ता संपली, म्हणजे हीच वेळ योग्य. आचारसंहिता लागल्यावर जागं होऊन उपयोग नसतो.

तुमचं नाव माहेरी कधी नोंदवलं होतं का, हे आधी आठवून पाहा. लग्नाआधी ओळखपत्र असेल आणि सासरी येऊन पुन्हा सहा नंबरचा फॉर्म भरला असेल, तर तुमचं नाव दोन ठिकाणी आहे. सहा नंबर हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा फॉर्म. पत्ता बदलला तर आठ नंबर भरायचा, त्यानं जुनं नाव तिकडून निघतं आणि इकडे येतं. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलींची दुबार नावं यामुळेच राहतात, कारण सासरचं कुणीतरी घाईनं सहा नंबर भरून देतं. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं लागतं, आणि खोटी माहिती लिहून दिली तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. 2025च्या यादीत अशा संशयित दुबार नावांपुढे दोन चांदण्या (**) छापल्या होत्या आणि त्या माणसाकडून "मी याच केंद्रावर मत देईन" असं लिहून घेतलं जायचं. यादी पाहताना तुमच्या नावापुढे त्या आहेत का बघा.

दुबार नसेल तरी आठ नंबर भराच, पत्ता दुरुस्तीसाठी. त्यात घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर आहे तसा लिहा, यजमानांच्या नोंदीत आहे अगदी तसाच. मोबाइलवरून होतं, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्या. बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या सेविका नाहीतर शाळेचे गुरुजी हे काम करतात. त्यांचं नाव आणि नंबर 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन करून कळतो. मतदार यादीच्या तारखा आता वर्षातून चार आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, तेव्हा वाट बघत बसायचं कारण नाही. एकदा तुमची आणि यजमानांची नोंद सारख्या पत्त्यावर आली की पुढच्या वाटपात कर्मचारी अंदाज करणार नाही.

सासऱ्यांच्या नावाचं शेवटी लिहितोय, कारण त्याबद्दल मला थोडं जपून बोलायचंय. त्यासाठी सात नंबरचा फॉर्म आहे. त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार भरू शकतो, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली की बीएलओ येऊन खात्री करतो आणि नाव वगळलं जातं. ते वगळायला हवं, कारण दुसरा कुणी त्या नावावर मत टाकू शकतो. पण मी हा फॉर्म घेऊन एकदा एका घरी गेलो होतो. मालक वारून दोन वर्षं झालेली. आजींनी यादी हातात घेतली, चष्मा लावून त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पट्टीवरनं काढलं, रेशनकार्डावरनं काढलं, बँकेतनं काढलं. आता हितलंबी काढायचं का?" मी फॉर्म त्यांच्याकडे ठेवून आलो. आठ दिवसांनी त्यांनीच नातवाकरवी भरून पाठवला, अंगठ्याऐवजी सही केलेला. तुमच्या सासूबाई असतील तर त्यांना आधी विचारा, आणि सही त्यांचीच घ्या.